डाव्या हाताचं माहेरपण

बालदीची कडी खण्णकन वाजली आणि दुपारचं सगळं घर जागं झालं.

तसं घर म्हणजे आम्ही दोघीच. मी न्हाणीत, आणि सासूबाई माजघरात चटईवर, डोळ्यांवर पदर घेऊन. माझी लेक सानवी शाळेत. पंखाही बंद, कारण मार्गशीर्ष लागला की आई पंखा लावू देत नाहीत. रोजच्या गोळीमुळे माझ्या अंगातून मधूनच वाफा निघतात, तेव्हा मी कॅलेंडरचा जुना पुठ्ठा घेऊन पडवीत जाऊन बसते. अशा शांततेत ती कडी म्हणजे देवळातली घंटाच.

"कोण गो?" आतून आवाज आला.

घरात दोनच माणसं असताना या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? "मीच," म्हटलं.

"काय करतेस?"

"काय नाय. पाय धुतेय."

पाय कोरडे होते. डाव्या हातावर मनगटापासून दंडापर्यंत सूज आवरणारी घट्ट, कातडीच्या रंगाची स्लीव्ह चढवलेली होती आणि त्या हाताने मी अर्धी बालदी उचलत होते, टेकवत होते. दहा वेळा करायचं होतं. नवव्या खेपेला कडी बोटांतून सुटली. छत्तीस वर्षांची बाई स्वतःच्या घरात चोरून पाणी उचलत होती. पाण्याची चोरी नव्हे, उचलण्याची.

हे असं का, ते सांगायचं तर सात वर्षं मागे जावं लागेल.

सानवी तेव्हा दीड वर्षाची होती. माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो आणि मग रेडिएशनचे शेक. सगळं संपवून मालगुंडला घरी यायला निघाले तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने एक कागद हातात दिला. डाव्या हाताने वजन उचलू नये. त्या हाताला सुई टोचू देऊ नये, बीपी तपासू देऊ नये, घट्ट बांगडी भरू नये. काखेतल्या गाठी गेल्या की हातात उतरलेलं पाणी वर जायची वाट अरुंद होते, हात सुजतो, आणि एकदा सुजला की आयुष्यभर सांभाळावा लागतो. आईंनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि पिठाची खळ करून ती लावून देवघराच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवला. मग माझ्या डाव्या हाताकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हा हात आजपासून माहेरपणाला आलाय. ह्याला कोणी काम सांगायचं नाय."

डोक्यावर एक केस नव्हता, जिभेला कशाची चव नव्हती, आणि तरी मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं होतं.

तेव्हापासून हात आमच्या घरातला वेगळा माणूस झाला. सर्वेश, माझा नवरा, बोटीवर असतो. सहा-सात महिने बाहेर, तीन महिने घरी. कुठल्या कुठल्या बंदरातून त्याचा फोन आला की आधी विचारणार, "माहेरवाशीण काय म्हणते?" नवीन मोहोर आल्याची, कोंबडी अंडी घालायची थांबल्याची बातमी त्यानंतर. सानवीला तर जग असंच असतं असं वाटत होतं. ती मिठी मारायची ती उजवीकडूनच. रस्त्यात चालताना माझ्या उजव्या अंगाला. बालवाडीत बाईंनी एकदा सगळ्यांना दोन्ही हात वर करायला सांगितले तर हिने एकच केला आणि दुसरा पोटाशी धरून ठेवला. बाईंनी कारण विचारलं. म्हणाली, "हा माहेरी आहे."

आणि आई काय काय करत होत्या ते मी लिहायला बसले तर ही दुपार पुरणार नाही. सुरुवातीला मला ब्लाउज नीट बसेना, एक बाजू सपाट. मुंबईहून आणलेली तयार गादी उन्हाळ्यात घामाने चावायची. आईंनी मऊ जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, आत सावरीचा कापूस भरला. तो हलका पडला, चालताना वर सरकायला लागला. तर त्यांनी पिशवी उसवून आत मूठभर मोहरी घातली. "आता बसते बघ जागेवर," म्हणाल्या, आणि बसली. अजून तीच वापरते. वर्षातून एकदा मोहरी बदलतात. जुनीची फोडणी देत नाहीत एवढंच.

पण पाणी त्याच भरायच्या. नळ एक दिवसाआड येतो, पण प्यायचं पाणी विहिरीचं. पाट्यावरचं वाटण त्यांचं. तांदळाची गोण हलवायची, गाद्या उन्हात टाकायच्या, पावसाआधी लाकडं आत घ्यायची, सगळं त्याच. त्यांचं वय सदुसष्ट. डावा गुडघा जिना चढताना कटकट वाजतो. मी कळशीकडे नुसतं बघितलं तरी म्हणायच्या, "बस गो. बघून दमलीस."

पहिली दोन वर्षं मला ते हवंच होतं. अंगात ताकदच नव्हती. तिसऱ्या वर्षी बरं वाटायला लागलं. पाचव्या वर्षी मुंबईचे डॉक्टर म्हणाले, छान आहे, गोळी आणखी पाच वर्षं घ्या, वर्षातून एकदा दाखवत जा. आणि सहाव्या वर्षी केव्हातरी, गणपतीचं वाटण वाटायला मी पाट्याशी बसले असताना आईंनी मला दंडाला धरून, उजव्या, हळूच उठवलं आणि माझ्या जागी स्वतः बसल्या. तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. रागवायचं तरी कोणावर? एवढं करणाऱ्या बाईवर कोणी रागावतं का?

महिन्याभरापूर्वी हात कोपराखाली जास्त सुजला म्हणून रत्नागिरीला एका फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे गेले. मुलगीच ती, पंचविशीची. तिने टेपने दोन्ही हात मोजले.

"ताई, दंड एवढा बारीक कसा झाला? हात वापरत नाही का?"

"नाही."

"का?"

"वापरायचा नाही असं सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

"सात वर्षांपूर्वी."

ती हसली नाही, हे तिचं मला आवडलं. म्हणाली, "तेव्हा तसंच सांगायचे. आता आम्ही उलटं सांगतो. स्लीव्ह घालायची आणि हात वापरायचा. अर्ध्या किलोपासून सुरू करा, हळूहळू वाढवा. स्नायू हलले की पाणी वर सरकतं. सूज वाढली तर थांबा, मला फोन करा. घरात कामं करत असालच ना? तीच करा. वेगळी जिम नको."

घरात कामं करत असालच ना. मी मान हलवली आणि बाहेर येऊन स्टँडवर उसाचा रस प्यायले.

त्या दिवशीच आईंना सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. पहिला आठवडा पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलली, मग लिटरची. आई दुपारी पडल्या की वीस मिनिटं माझी. हात रात्री जड व्हायच्या ऐवजी हलका वाटायला लागला. खरंच वाटायला लागला. मनगटाची हाडं दिसायला लागली तर मी त्यांच्याकडे बघत बसले. मग हाव सुटली आणि बालदी घेतली.

तर कडी वाजली, आणि आई न्हाणीच्या दारात उभ्या राहिल्या.

"पाय धुतलेस?"

"हो."

"मग फरशी कोरडी कशी?"

त्यांनी स्लीव्ह बघितली, बालदी बघितली, आणि वाकून बालदी माझ्या हातातून काढून घेतली. सानवीच्या हातातून विळी काढून घेतली असती तर अशीच, इतक्या हळू. मग मी सगळं सांगून टाकलं. टेपसुद्धा.

"त्या पोरीचं लग्न झालंय?" त्यांनी विचारलं.

"मी कशाला विचारू?"

"झालेलं नसणार. तिला माहेरपण काय कळणार."

"आई, सात वर्षं कोणी माहेरी राहतं का? लोक म्हणतील नवऱ्याने टाकली."

नेहमी असल्या बोलण्यावर त्या एक ठेवणीतला टोला देतात. या वेळी दिला नाही. बालदी खाली ठेवून पडवीत जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले, आणि एकदा तोंड उघडलंच होतं तर मग थांबले नाही.

"तुमचा गुडघा वाजतो आणि मी बसून ऐकते. शेजारच्या बायका विहिरीवर बघतात, म्हातारी पाणी नेते आणि सून हात हलवत मागून. पोर मला उजवीकडूनच बिलगते. मी बरी होऊन किती वर्षं झाली, पण या घरात अजून आजारीच आहे. पाहुणी आहे मी इथे."

अंगणात सुकायला टाकलेल्या सुपाऱ्यांवर एक कावळा उतरला, आईंनी त्याला हाकललं नाही.

"मी गाऱ्हाणं घातलंय," मग म्हणाल्या.

"कसलं?"

"तुला ऑपरेशनला आत नेलंन त्या दिवशी. सर्वेशचा फोन आला, आत नेली, चार-पाच तास लागतील. मी इथे, पोर माझ्याजवळ. काय करू सुचेना. सानवीला काखोटीला मारली आणि गेले देवीकडे. गुरव नव्हता, लग्नाला गेलेला. मग मीच घातलं. म्हटलं, बाय, हिला राख, हिच्या वाटचं ओझं मी उचलीन."

देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा वकिलासारखं सगळं बांधून घेतो. कोणासाठी, कशासाठी, काय देणार आणि कधीपर्यंत. बोललेला शब्द नंतर फिरवता येत नाही, हे इथे पोरासोरांना ठाऊक असतं.

"कधीपर्यंत उचलीन म्हणालात?" मी विचारलं.

आईंनी माझ्याकडे बघितलं. "तेच. मुदत घालायची ऱ्हायली."

मला हसू येणार होतं. आलं नाही.

"विसरले असं नाय," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं म्हणणार होते. तोंडाशी आलेलं. पण पाच म्हटलं असतं तर पाचच मागितल्यासारखी झाली असती ना गो. जीभच वळली नाय."

मी त्यांच्या बाजूला पायरीवर बसले. सात वर्षं मला वाटायचं, यांचा माझ्यावर भरवसा नाही. आता त्यांचा गुडघा चेपत बसले, उजव्या हाताने. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "तो पण घे." मला आधी कळलंच नाही. मग डावाही लावला. त्या डोळे मिटून बसल्या, जसं काही गरम तेल ओतायचं आहे आणि चटका बसणार आहे. सानवीची रिक्षा येईपर्यंत आम्ही तशाच.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळेला सुट्टी होती. सकाळी सहालाच आई आंघोळ करून तयार. "उठ गो. कौल लावूया. तिलाच विचारू. ती सोडेल तर सुटलीस."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर कळशी माझी."

मला नाही म्हणता आलं असतं. डॉक्टरांचं ऐकायचं की कौलाचं, असं म्हणता आलं असतं. पण आईंनी सात वर्षं डॉक्टरांचा कागद देवघराशेजारी लावून ठेवला होता, एका शब्दाला फाटा दिला नव्हता. त्यांच्या बाजूचं कोणाला तरी विचारायला नको? आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. दरवर्षीच्या तपासणीआधी आठ दिवस माझी भूक जाते. ज्याच्या जोरावर मी वाचले असं एका माणसाला वाटतंय, तो धागा मी तोडू का?

रघू गुरव सकाळी देवळात असतो आणि दहानंतर गणपतीपुळ्याच्या स्टँडवर रिक्षा लावतो. रिक्षा देवळाबाहेर उभीच होती. त्याने आईंचं सगळं ऐकून घेतलं, मान खाजवली.

"काकू, गाऱ्हाणं तुम्ही परस्पर घातलंत होय?"

"तू लग्नाला गेलेलास."

"माझंच लग्न होतं ते."

"मग काय तुझ्या मांडवात येऊन सांगू?"

त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी पाण्यात बुडवून चिकटवली. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. सानवीला हे तोंडपाठ. आजीबरोबर ती बापाच्या बोटीच्या वेळेला, आंब्याच्या फवारणीच्या वेळेला आलेली आहे. ती सगळ्यांत पुढे जाऊन मांडी घालून बसली.

रघूचा आवाज बदलला. रिक्षात बोलतो तो आवाज नव्हे. "आई, ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी आलीत. गोदाबायने सुनेसाठी शब्द टाकला, सात वर्षं पाळला. आता सुनेच्या डाव्या हाताला तिच्या वाटचं काम करायची मोकळीक मागतायत. काय चुकलं असेल तर पदरात घे, आणि कौल दे."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाल्या. मीही म्हटलं. सानवीने सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

मग काहीच होईना. समईची वात तडतडली. आईंनी माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि स्लीव्हवरून अंगठा फिरवत होत्या, त्यांच्या ते लक्षात नसावं. उजवी पाकळी कडेने सुकायला लागली, जरा उचलली गेली. सानवीने श्वास रोखला. मीही.

आणि डावी पाकळी सुटली, देवीच्या लुगड्यावरून घरंगळत खाली आली.

माझ्या हातावरचा अंगठा थांबला. रघूने घसा साफ केला. "काकू, डावा—"

"हां, डावा," आई म्हणाल्या. "डाव्या हाताचं विचारलं, डावा सोडलान. आणखी कसं सांगायचं तिने?"

"तसं नसतं काकू. डावा म्हणजे—"

"रघू, तू कौल लावलास. वाचायचा मी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हिला ओळखते. तू किती वर्षांचा?"

"बत्तीस."

"मग?"

रघूने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. तो हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि तीर्थ द्यायला लागला.

आईंनी ती पाकळी उचलून पदराच्या टोकाला बांधली. देवळाबाहेर आल्यावर पूजेची पिशवी माझ्यासमोर धरली. आत नारळ, पितळी तांब्या, निरांजन. उजवा हात पुढे केला तर त्यांनी पिशवी मागे घेतली. डावा केला तेव्हा दिली.

"जड वाटली तर सांग."

"नाही वाटत."

"वाटली तर, म्हणते."

आणि त्या पुढे चालायला लागल्या, भराभर, गुडघ्याकडे लक्ष न देता. मागे वळून बघत नव्हत्या. त्यांचा हात मात्र मोकळा सोडायची सवय नसल्यासारखा, एकदा पदर धरत होता, एकदा कमरेवर जात होता, मग परत पदराच्या गाठीवर. पिशवी जेमतेम दीड किलोची असेल. माझ्या खांद्यापर्यंत तिची जाणीव येत होती, आणि दुखत नव्हतं.

सानवी चपला घालून मागून पळत आली. सवयीने उजवीकडे गेली, थांबली, विचार केला आणि माझ्या मागून वळसा घालून डाव्या अंगाला आली. पिशवीचा एक बंद तिने धरला. दुसरा मी. तशा आम्ही वळणापर्यंत आलो. पुढे आई आमच्यापासून बऱ्याच लांब गेल्या होत्या.

"मम्मी," ती हळू आवाजात म्हणाली, आजीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू. "डावी पडली म्हणजे नाही असतं ना?"

मी "हं" म्हटलं.

तिने पिशवीचा बंद दुसऱ्या हातात घेतला.

"मग आजीने देवीचं ऐकलं नाही. आता देवी आजीचं ऐकेल?"